हवालदाराच्या खिडकीतली हाडं

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून हवालदाराची खोली होती. खिडकी पश्चिमेला. लोक उन्हाला पडदा लावतात, यानं काचांवर एक्स-रेचे फोटो चिकटवले होते. दुपारी चारनंतर ऊन तिरपं झालं की ती खिडकी उजळायची आणि चाळीची हाडं दिसायला लागायची. कुणाचं मनगट, कुणाचा घोटा, एका कोपऱ्यात तळमजल्यावरच्या म्हातारीचा खुबा, आत ठोकलेल्या खिळ्यासकट. नवा पाहुणा दचकायचा. पोरं मात्र अंगणातून बोट दाखवून सांगायची, ती बघ, ती माझी आजी.

तो लष्करातून हवालदार म्हणून बाहेर पडलेला. तिथं जखमी माणसांची शुश्रूषा करायचं काम. पेन्शनीत आल्यावर आमच्याच भागातल्या एका इस्पितळात प्लास्टर रूममध्ये लागला. गिरणगावातला कोण कुठं मोडला होता ते याला तोंडपाठ. बरा झालेला माणूस फोटो टाकून द्यायला निघाला की म्हणायचा, टाकू नका, मला द्या. का, तर माणूस आपलं दुखणं दहा जणांना दहा तऱ्हांनी सांगतो, फोटो सगळ्यांना एकच सांगतो.

त्याला जाऊन आता वर्ष होईल. चाळही पाडली, आम्ही संक्रमण शिबिरात आलो. गोविंदा पथकातली पोरं म्हणाली, नाना, स्मरणिकेत हवालदारावर तुम्हीच लिहा. मी चौथी शिकलेला, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उमेदीची वर्षं काढलेला माणूस. पोरांना सांगितलं, लिहितो, पण माझ्या लिहिण्याला कुणी हात लावायचा नाही.

सकाळी सातला तो खाली जिन्याच्या तोंडाशी उभा असायचा. दाढी झालेली, शर्टाला इस्त्री, हातात बिनसाखरेचा चहा आणि दाताखाली गुळाचा खडा. कामाला जाणारा जो तो त्याच्यासमोरून जायचा आणि हा मागून त्याची चाल बघायचा. तुझी उजवी चप्पल आतून झिजलीय, पाऊल दाखव. तू पिशवी त्याच खांद्यावर का घेतोस रे, दुसरा भाड्यानं दिलास काय. बायका वैतागायच्या, पण गुडघा धरला की पहिल्या त्याच्याकडेच यायच्या.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला पाहुणे आले. नवरदेव दोन जिने चढून वर आला. हा कठड्यावरून बघत होता. चहा-पोहे झाले, पाहुणे खाली उतरले, आणि यानं मुलाच्या बापाला गाठून सांगितलं, मुलगा सालस आहे, पण दोन जिन्यांत धापा टाकतोय, छातीचा फोटो काढून घ्या. केवढा गोंधळ झाला. मुलीच्या बापानं याच्याशी बोलणं टाकलं. पण तो मुलगा शहाणा निघाला. मुकाट जाऊन तपासून आला, दम्याची सुरुवात होती, औषध चालू केलं. लग्न झालं. मग दर दिवाळीला तो जावई सासऱ्याच्या आधी हवालदाराकडे फराळ घेऊन जायचा, आणि तिन्ही मजले न थांबता चढून दाखवायचा.

गणपतीच्या कारखान्यातही हा जायचा. आम्हाला जयभीम करायचा, मूर्तिकाराला जयभीम करायचा आणि मूर्तीच्या मागं जाऊन खांदे बघायचा. एका वर्षी म्हणाला, या हाताचं कोपर चुकलंय, असा हात वर राहणारच नाही, उतरलेला वाटतो. मूर्तिकार म्हणाला, अहो हवालदार, देव आहे तो. हा म्हणाला, देव आहे म्हणून तर म्हणतो, अकरा दिवस धरायचाय त्याला. मूर्तिकार चिडला, पण संध्याकाळी शाडू घेऊन चढला आणि कोपर नीट केलं. ते खरंच चुकलं होतं.

लष्कराच्या भरतीला जाणारी पोरं त्याच्याकडे यायची. परळची, प्रभादेवीची, वरळी कोळीवाड्यातली. कुणी लहानपणी हात मोडलेला, कुणाचा घोटा होडीच्या दोरात अडकून पिळलेला. भरतीच्या मेडिकलला चालेल का, एवढंच त्यांना विचारायचं असे. हा उत्तर द्यायच्या आधी शर्ट काढ म्हणायचा. पोरगं शर्ट काढायचं आणि हा म्हणायचा, डावा हात कधी मोडला होता? पोरगं चकित. त्यानं मोडलेला हात बाहीतून शेवटी काढलेला असायचा. हवालदार म्हणायचा, हाड दोन महिन्यांत विसरतं, माणूस विसरत नाही. डॉक्टरही हेच बघतो. मग त्याच हातानं पाण्याच्या बादल्या वर आणायला लावायचा, दाराच्या चौकटीवरच्या दांडीला लोंबकळायला लावायचा, रोज, शर्ट काढताना दोन्ही हात सारखे निघेपर्यंत. पैसा घ्यायचा नाही. कोळ्यांची पोरं सुके बोंबील आणून द्यायची, ते घ्यायचा.

एकच गोष्ट तो ऐकून घ्यायचा नाही. एखादं पोरगं म्हणालं की काका, हे नाही सांगितलं तर कुणाला कळतंय, की याचा चेहरा बदलायचा. म्हणायचा, तुझं हाड तुझ्या एकट्याचं नाही. तुझ्या शेजारी जो उभा राहणार आहे, त्याचंही आहे. जा, आधी सांगायला शीक, मग ये.

आता माझं सांगतो. मी तीस वर्षं आमच्या गोविंदा पथकाला थर लावायला शिकवलं. माझं एक वाक्य ठरलेलं होतं. गोकुळाष्टमी जवळ आली, ओट्यावर माणसं बसली की मी म्हणायचो, माझ्या हाताखाली आजवर एक लहान पोर पडलेलं नाही. सगळे माना हलवायचे. हवालदार तेवढ्यात पाणी प्यायला उठायचा. सात वर्षं, दर खेपेला, मी ते वाक्य म्हटलं की याला तहान लागायची. बाकीच्यांना ते कळलं नाही. मला कळत होतं.

कारण पोर पडलं होतं. माझाच नातू. सरावाचे दिवस होते. वरच्या थराचा पोरगा तापानं घरी झोपून होता. चौदा वर्षांखालचं पोर चढवायला कायद्यानं बंदी, आणि नातू तेव्हा तेरा वर्षांचा. मी म्हटलं, एकदाच, उंची बघण्यापुरतं. पोरगं हलकं, चढलं माकडासारखं. खालचा थर हलला आणि ते गादीच्या कडेबाहेर डाव्या खांद्यावर आलं. गळ्याजवळचं हाड मोडलं. इस्पितळात केसपेपर काढणाऱ्या बाईंनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणालो, जिन्यावरून पडला. त्यांनी तसं लिहिलं.

प्लास्टर रूममध्ये हवालदार होता. पोरगं अनवाणी, हाफ पँट, कंबरेला फडकं आवळून बांधलेलं, पाठीला माती. त्यानं पोराकडे बघितलं, पेपर वाचला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नाना, जिन्यात बरीच माती झालेली दिसते." एवढंच. पाठीवरून आठाच्या आकड्यासारखा पट्टा बांधला, पोराला दुखू न देता. हाड जुळलं. वर एक गाठ राहिली, सुपारीएवढी. पुढं फोटो त्यानं मागून घेतला आणि खिडकीत लावला, मधल्या काचेवर. मी सात वर्षं त्या काचेकडे मान वर करून बघितलं नाही.

नातू मोठा झाला, फौजेत गेला. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी गाठीवर बोट ठेवलं, नातू म्हणाला लहानपणी पडलो, हात सगळीकडे फिरवून दाखवला, पास झाला. दोन वर्षांनी त्याच्या डोक्यात आलं की कमांडोत जायचं, विमानातून उड्या मारणाऱ्यांत. तिकडचं मेडिकल वेगळं. आधी कुठं कुठं लागलं होतं ते सगळं लिहून द्यायचं. नातवानं सरळ लिहिलं, दहीहंडीच्या सरावात पडलो. त्यांनी इस्पितळाचा कागद मागवला. त्याच्या आजीनं ट्रंकेतून काढून फोनवरून पाठवला. त्यावर जिना.

सुट्टीवर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी विचारलं होतं, यातलं खरं काय? पोर साध्या जिन्यावरून कसं पडलं, चक्कर आली होती का, फिट येते का, आणि ते लपवायला हंडीची गोष्ट रचलीस का? हाडाबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं. हाड बघू म्हणाले. पण आधी खरं काय ते कागदोपत्री आण, नाहीतर नाव पुढं जाणार नाही. आणि ते आणायचं ही सुट्टी संपायच्या आत.

मी म्हटलं, सोपं आहे. जिनाच सांग. पाय घसरला म्हण, चक्कर नव्हती म्हण. हंडीचं आपलं मोठेपणासाठी लिहिलं होतं म्हणायचं. कागद कागद असतो.

नातू उठला. वर गेला, आणि थोड्या वेळानं हवालदारालाच घेऊन खाली आला. तो कधी आमच्या खोलीत बसायचा नाही, त्या दिवशी बसला. बायकोनं चहा दिला.

म्हणाला, "नाना, तुम्ही लिहून द्या. इस्पितळात मी खोटं सांगितलं, पोर थरावरून पडलं, मीच चढवलं होतं. सही करा."

"तू लिही काय ते. मी अंगठा देतो."

"अंगठा कशाला? सही येते तुम्हाला. अक्षर तुमचं पाहिजे. खोटं तुमच्या तोंडचं आहे."

मला राग आला. मी म्हटलं, तीस वर्षांचं पथकाचं नाव आहे, उद्या तो कागद फिरत फिरत इथं आला तर? तो म्हणाला, तो कागद फौजेत जाईल, चाळीत नाही. मी म्हटलं, आज ना उद्या कळतं. तो म्हणाला, हो, तेच सांगतोय. मग माझा तोल गेला.

"तुला काय जातंय रे? रोज लोकांची हाडं मोजत उभा असतोस. तू जन्मात काही लपवलं नाहीस?"

त्याच्या हातात कप होता. तो त्यानं बशीत ठेवला, नीट, आवाज न करता. उठला आणि वर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जिन्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नाही. माणसं खाली उतरताना वर बघायची आणि उगाच ताठ चालायची.

मी ऐकणारा नव्हतो, हे सांगून ठेवतो. संपात गिरणी गेली तेव्हा सगळे अर्ज करून दुसरीकडे चिकटले, मी अर्ज केला नाही, कारण अर्जात मी विनंती करतो असं लिहावं लागत होतं. असला मी. बायको मालवणची, ती म्हणाली, "खरां काय ता लिवन टाका. तुमच्या अब्रूचा काय लोणचा घालूचा आसा?" मी तिच्याशीही बोललो नाही.

नातवाची सुट्टी संपायला चार दिवस राहिले. सकाळी तो गॅलरीत कपडे वाळत घालत होता. मी बाजूला दात घासत होतो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजोबा, मी जिनाच सांगतो. पाय घसरला म्हणतो. तुमचं नाव नको जायला."

मी चूळ भरली. मग परत भरली. पोरगं पलटणीत दोन वर्षं राहून खरं बोलायला शिकलं होतं आणि माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झालं होतं. तेही न कुरकुरता, ओले कपडे झटकत. मला त्याच्याकडे बघवेना.

त्या दुपारी मी लिहायला बसलो. नातवाच्या जुन्या वहीचे कागद होते. पहिला कागद फाडला, कारण त्यात मी परिस्थितीच सांगत बसलो होतो, ताप आलेला पोरगा, हललेला थर. दुसरा फाडला, त्यात कायद्यावर टीका झाली. तिसऱ्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं, चूक माझी आहे, पोराची नाही. मग पुढचं आपोआप आलं. पोर तेरा वर्षांचं होतं, मी चढवलं, त्याला चक्कर आली नव्हती, इस्पितळात खोटं मी बोललो, त्यानं नाही. खाली सही केली. चौथी शिकलेल्या माणसाची सही असते तशी, प्रत्येक अक्षर वेगळं.

मग फोटो हवा म्हणून वर गेलो. दार उघडंच होतं. हवालदार पलंगावर बसला होता. मधल्या काचेवरचा फोटो त्यानं आधीच काढून, पुसून, पाकिटात घालून ठेवला होता. त्या जागेतून ऊन सरळ आत आलं होतं. मी कागद पुढं केला. त्यानं वाचला नाही. म्हणाला, मला नको, ज्याला द्यायचा त्याला द्या.

पुढचं नातवानं फोनवर सांगितलं. डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी येईना. साताऱ्याकडच्या एका सुभेदाराला बोलावलं आणि माझा कागद मोठ्यानं वाचायला लावला. खोलीत आठ-दहा माणसं. सुभेदार वाचता वाचता थांबला आणि डॉक्टरांना म्हणाला, साहेब, या म्हाताऱ्यानं सगळं अंगावर घेतलंय. डॉक्टरांनी जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावले, मग दोन्ही हातांत वजनं दिली, खांद्यावर पट्टे आवळले, भिंतीला लोंबकळवलं. आणि फिट लिहिलं. नातवाला पुढच्या परीक्षेला पाठवलं. ती दमाची परीक्षा, महिनोन् महिने चालणारी. तीही त्यानं पार केली. आता कुठं असतो विचारलं तर बरा आहे एवढंच सांगतो.

त्या वर्षी सरावाच्या पहिल्या दिवशी मी पोरांना आणि त्यांच्या आईबापांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. एका आईनं आपलं पोर तिथूनच उठवून नेलं. बरोबर केलं. काही जुने गडी माझ्याशी बोलेनात, त्यांना पथकाच्या नावाचं वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण चौदाखालचं एक पोर त्यानंतर थरावर चढलेलं नाही, आणि हे कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्या. हवालदार त्या दिवशी ओट्याच्या टोकाला बसला होता, शेवटपर्यंत, पाणी न मागता.

दोन दिवसांनी रविवारी दुपारी तो आमच्याकडे आला. हातात कोरा कागद, खिशाला पेन. बायको झोपली होती. म्हणाला, नाना, थोडं बसू? कागद समोर ठेवून बसला. मग सांगितलं.

पंचविशीत असताना तोही त्याच कमांडोंच्या निवडीला गेला होता. गावाकडे कबड्डीत गुडघा गेलेला, ते कुणाला सांगितलं नव्हतं. मेडिकलला दुसऱ्या पायावर भार देऊन निभावून नेलं. निवडीत लाकडाचा ओंडका खांद्यावर घेऊन पळायचं असे. मागच्या टोकाला हा आणि एक गढवाली जोडीदार. एके दिवशी उतारावर याचा गुडघा सुटला, ओंडका पडला. साहेबांनी विचारलं, कुणी सोडला? जोडीदार धापा टाकत होता. त्याला वाटलं आपलाच हात घसरला. तो म्हणाला, मी. हा गप्प राहिला. जोडीदाराला त्याच संध्याकाळी परत पाठवलं. याचा गुडघा पंधरा दिवसांनी सुजला आणि हाही परत आला, मग शुश्रूषेच्या कामाला गेला. जोडीदाराची गाठ पुढं एकदाच पडली. तो तेव्हाही हसून म्हणाला होता, माझ्या हातात जोरच नाही रे, नाहीतर आज मी कुठं असतो.

एवढी वर्षं सकाळी सातला उभं राहून लोकांची पावलं बघणारा माणूस माझ्या समोर मांडी घालून बसला होता आणि त्याला कागदाकडे बघवत नव्हतं. पत्ता होता त्याच्याकडे, कुठल्या तरी डोंगरातल्या गावाचा, पोस्टासकट. तो त्यानं वर लिहून आणला होता. खाली सगळं कोरं.

म्हणाला, "नाना, तुम्ही पहिली ओळ काय लिहिली होती?"

मी सांगितली.

त्यानं पेनाचं टोपण काढलं, कागद गुडघ्यावर घेतला आणि हिंदीत लिहिलं, गलती मेरी थी, तेरी नहीं.